भिंतीतली भूमिती कुणाची?

इमारतींच्या छायाचित्रांचं प्रदर्शन असो, वास्तुकला महाविद्यालयातली स्पर्धा असो की एखाद्या अंकाचं मुखपृष्ठ, एका विशिष्ट प्रकारच्या छायाचित्रापुढे एक शेरा हटकून ऐकू येतो: 'हे मॉन्ड्रियानसारखं दिसतंय.' कधीकाळी ही दाद असायची. आता बहुतेकदा तो टोमणा असतो.

छायाचित्र साधारण असं असतं. अगदी समोरून घेतलेली भिंत. आभाळ नाही, जमीन नाही, रस्ता नाही. दोन-तीन सपाट रंग, एखादी खिडकी, छज्ज्याची सावली, आणि बहुतेक सगळ्या रेषा चौकटीच्या कडांना समांतर. इमारत केवढी, कुठली, कशासाठी बांधलेली, यातलं काहीच कळत नाही. टोमणा मारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ही चित्रकलेची उसनवारी आहे. यात इमारतीवर अन्याय होतो. यातून माणूस हद्दपार होतो. आणि एवढं सगळं करून ते सोपंही आहे, मोबाइलवाला कुणीही काढील. हे चारही आरोप एका दमात केले जातात, म्हणून ते एकमेकांना आधार देतात असं वाटतं. सुटे करून तपासले की त्यांची अवस्था वेगळी दिसते.

उसनवारीचा आरोप सर्वांत जुना आणि सर्वांत कच्चा. पीट मॉन्ड्रियान या डच चित्रकाराची लाल, निळ्या, पिवळ्या चौकोनांची आणि काळ्या पट्ट्यांची जी शैली आज टी-शर्टांवरही दिसते, ती १९२०-२१च्या सुमारास पक्की झाली. पॉल स्ट्रँड या अमेरिकी छायाचित्रकारानं कनेक्टिकटमधल्या ट्विन लेक्स इथे एका घराच्या व्हरांड्यातल्या सावल्यांचं छायाचित्र काढलं ते १९१६ साली. कठड्याच्या गजांमधून येणारं ऊन, गोल टेबल, पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या. आणि टेबल कुठलं, जमीन कुठली हे चटकन उमगू नये अशा बेतानं कापलेली चौकट. आल्फ्रेड स्टीग्लिट्झच्या 'कॅमेरा वर्क' या नियतकालिकाच्या १९१७च्या अखेरच्या अंकात ते छापून आलं. म्हणजे ज्याची चोरी झाली असं म्हणायचं, तो माल अजून दुकानात यायचा होता.

स्ट्रँडनं कुणाचंच काही पाहिलं नव्हतं, असं मात्र नाही. न्यूयॉर्कला स्टीग्लिट्झच्या '२९१' या गॅलरीत पिकासो, ब्राक यांचं काम त्याच्या नजरेखालून गेलं होतं, आणि त्या चित्रांत नेमकं काय चाललंय हे समजून घेण्यासाठीच आपण हे प्रयोग केले, असं तो पुढे मोकळेपणानं सांगत असे. चित्रकाराचं पाहून छायाचित्रकार शिकला, यात लपवण्यासारखं काय आहे? प्रश्न उरतो तो चित्रकार कुणाकडून शिकला, याचा.

मॉन्ड्रियानपुरतं बोलायचं तर तो शिकला इमारतींकडून. पहिल्या महायुद्धाच्या आधीची दोन-अडीच वर्षं तो पॅरिसमध्ये होता आणि तिथे अर्धवट पाडलेल्या इमारतींच्या भिंती रेखाटत होता. शेजारची इमारत पाडली की मधली भिंत उघडी पडते आणि तिच्यावर गेलेल्या खोल्यांचे ठसे राहतात: एका मजल्याचा निळा रंग, दुसऱ्याचा गुलाबी, जिन्याची तिरकी रेघ, फळीच्या जागी राहिलेला पांढरा पट्टा. मुंबई-पुण्यात पुनर्विकासाच्या पाडकामाशेजारून रोज जाणाऱ्याला हे दृश्य नवं नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मॉन्ड्रियानचं १९१४चं एक लंबवर्तुळाकार चित्र आहे. त्यात 'कुब' ही अक्षरं आहेत. ती सुपाच्या वड्यांच्या जाहिरातीतली, पॅरिसच्या एका भिंतीवरून चित्रात आलेली. पुढे युद्धकाळात हॉलंडमध्ये अडकून पडल्यावर डोम्बुर्ग गावच्या चर्चची दर्शनी बाजू त्यानं पुन्हापुन्हा रेखाटली. इतकी, की अखेरीस चर्च विरघळलं आणि उभ्या-आडव्या रेघा उरल्या. भिंतीवरून चित्र झालं, मग त्या चित्राची ओळख असलेला छायाचित्रकार परत भिंतीकडे गेला. यात मूळ धनको भिंतच आहे.

मॉस्कोत जे घडलं ते तर या आरोपाची पुरती पंचाईत करणारं आहे. अलेक्झांडर रॉडचेन्को मुळात चित्रकार. १९२१ साली त्यानं तीन कॅनव्हास मांडले: एक निव्वळ लाल, एक निव्वळ पिवळा, एक निव्वळ निळा. चित्रकलेचा शेवट झाला, ही त्याची भूमिका. मग त्यानं कॅमेरा हाती घेतला आणि १९२५मध्ये म्यास्नित्स्काया रस्त्यावरच्या इमारतीच्या बाल्कन्या खालून, मान पार मागे टाकून टिपल्या. १९२८मध्ये 'सोव्हिएत्स्कोये फोतो' या मासिकानं एक निनावी पत्र छापलं. रॉडचेन्कोची छायाचित्रं आणि मोहोली-नागी, रेंगर-पाट्श यांच्यासारख्या परदेशी छायाचित्रकारांची छायाचित्रं शेजारीशेजारी लावून त्यात सुचवलं होतं की हा गृहस्थ नकला मारतो. रॉडचेन्कोचं उत्तर छापायला त्या मासिकानं नकार दिला. ते 'नोव्ही लेफ' या दुसऱ्या नियतकालिकात आलं. आता तारखा पाहा. मोहोली-नागींनी डेसाऊच्या बाउहाउसच्या ज्या बाल्कन्या टिपून नाव मिळवलं, ती इमारतच १९२६मध्ये उभी राहिली. दोन शहरांत, दोन इमारतींखाली, दोन माणसं मान वर करून उभी राहिली आणि त्यांना सारखंच काही दिसलं, कारण दोन्हीकडे बाल्कन्या एकावर एक रचलेल्या होत्या. निनावी पत्रलेखकाला ही साधी शक्यता सुचली नाही. आजच्या टोमणेबाजांनाही ती सुचत नाही.

भारतात तर हा आरोप करताना दुप्पट विचार करावा. नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) मुंबईत वाढल्या, भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता, पुढे बडोद्याच्या कलाशाखेत त्यांनी शिकवलं आणि अलिबागजवळच्या किहीमला त्यांचा शेवट झाला. शिसपेन्सिल आणि शाईच्या नेमक्या रेषांनी केलेली त्यांची रेखाटनं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्यांनी फत्तेपूर सिक्रीची आणि चंडीगडची छायाचित्रंही काढली होती: दगडी फरसबंदीच्या रेघा, कठड्यांचे कोन, सावलीच्या तिरक्या धारा. ती पाहून कुणी पाश्चात्त्य अमूर्त चित्रकलेचं नाव घेतलं, तर त्यानं फत्तेपूर सिक्रीचं काम १५७१च्या सुमारास सुरू झालं हेही लक्षात ठेवावं. त्या फरशीचे सांधे आखणाऱ्या संगतराशानं मॉन्ड्रियानची वाट पाहिली नव्हती.

दुसरा आरोप बेइमानीचा. स्थपती सबंध इमारत उभी करतो आणि छायाचित्रकार तिचा एक तुकडा कापून मिरवतो, अशी तक्रार. पण ज्याची इमारत कापली गेली त्या स्थपतीचं मत काय होतं? छायाचित्रकार ल्युसियाँ हर्वे १९४९मध्ये मार्सेयला गेला आणि ल कॉर्बुझिएच्या बांधकाम चालू असलेल्या वसाहत-इमारतीची ६५० छायाचित्रं त्यानं एका दिवसात काढली. संपर्कछापांना तो सरळ कात्री लावायचा. आभाळ कापायचा, पाया कापायचा, एक कडा आणि एक सावली ठेवायचा. ही छायाचित्रं पाहून ल कॉर्बुझिएनं त्याला कळवलं की त्याच्यात स्थपतीचा आत्मा आहे, आणि १९६५मध्ये मृत्यू येईपर्यंत आपल्या कामाच्या छायाचित्रणासाठी त्यालाच धरून ठेवलं. चंडीगड आणि अहमदाबादच्या इमारतींसाठी हर्वे १९५५मध्ये भारतात आला. ज्याच्यावर अन्याय झाला म्हणायचं तो फिर्याद द्यायला तयार नाही आणि शेजारी मात्र खटला चालवताहेत!

ल कॉर्बुझिएला काय आवडलं असावं, हे चंडीगडच्या उच्च न्यायालयाच्या दर्शनी बाजूवरून कळतं. तिथे काँक्रीटच्या खोल फळ्यांची उभी-आडवी जाळी आहे. लांबून सबंध इमारत पाहिली की ती जाळी नक्षी वाटते. जवळून, चौकट घट्ट कापून पाहिली की प्रत्येक कप्प्यात अर्धं ऊन आणि अर्धी सावली दिसते, आणि ही जाळी ऊन अडवायला बसवली आहे हे डोळ्यांना उमगतं. तुकड्यानं इमारतीचं काम सांगितलं, जे सबंध दृश्य सांगत नव्हतं.

सावलीची ही भूमिती लहरीची नसते. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य भरदुपारी जवळजवळ थेट डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचं ऊन चक्क उत्तरेच्या भिंतीला चाटून जातं. डिसेंबरच्या शेवटी माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या भिंतीवर दोन फुटी छज्ज्याची सावली सुमारे सव्वादोन फूट खाली उतरते. छज्जा किती बाहेर काढायचा, खिडकी किती खाली ठेवायची, हे जाणता स्थपती या हिशेबानं ठरवतो. छायाचित्रात भिंतीच्या पिवळ्या पट्ट्यावर काळ्या पट्ट्याची कड जिथे पडते, ती त्या हिशेबाची कड असते. तिला 'नुसती रचना' म्हणणाऱ्यानं हिशेब वाचलेला नसतो.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या घ्या. लाकडी पट्ट्यांची बारीक चौकोनी जाळी आणि तिच्यात काचेऐवजी बसवलेले पातळ, दुधी शिंपले. सबंध घराच्या छायाचित्रात, बलकाव, खांब, कौलं आणि माडांच्या गर्दीत ती खिडकी एक पांढुरका ठिपका होते. फक्त जाळी चौकटीत घेतली की प्रश्न पडतो: चौकोन एवढे लहान का? शिंपला लहान असतो म्हणून. जाळीचं माप समुद्रानं ठरवून दिलं आहे, ही गोष्ट त्या 'अमूर्त' छायाचित्रातच कळते.

चार्ल्स कोरिया यांच्या मुंबईतल्या कांचनजंगा इमारतीचंही (१९८३) तसंच. २१ मीटर बाजूच्या चौरसावर ८४ मीटर उंच चढलेला हा मनोरा लांबून पाहिला की कोपऱ्यांतल्या खोबण्या स्थपतीची हौस वाटतात. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी चहूबाजूंनी व्हरांडा घालून हा पेच सोडवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंचीची बाग-गच्ची करून आकाशात नेला. एकच कोपरा, त्यातली खोल सावली आणि उजळ भिंतीची सरळ धार एवढंच टिपलेलं छायाचित्र त्या गच्चीची खोली दाखवतं. लांबून घेतलेलं छायाचित्र दाखवतं ती उंची, आणि मुंबईत उंचीचं अप्रूप आता उरलेलं नाही.

शिवाय 'सबंध इमारत' दाखवणारं छायाचित्र प्रामाणिक असतं, हे कुणी ठरवलं? त्यातही कोपरा निवडलेला असतो, वेळ निवडलेली असते. संध्याकाळच्या निळ्या उजेडात सगळे दिवे लावून, विजेच्या तारा पुसून काढलेली इमारत ही इमारतीची सर्वांत नटवी अवस्था. बांधकाम व्यावसायिकांची माहितीपत्रकं उघडा. त्यांत इमारत नखशिखान्त दिसते, भोवती झाडी दिसते, समोर रिकामा रस्ता दिसतो. शेजारची इमारत किती फुटांवर आहे एवढं मात्र दिसत नाही.

आणि तुकड्यानं साक्षही दिली आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स १९७२मध्ये राज रेवाल आणि स्थापत्य अभियंता महेंद्र राज यांनी उभं केलं. त्याच्यासारखे त्रिकोणी जाळीचे सांगाडे जगात पोलादाचे होत. इथे ते काँक्रीटमध्ये, मजुरांच्या हातांनी घडवलं गेलं. मदन महत्ता यांनी त्या त्रिकोणी जाळीची कृष्णधवल छायाचित्रं काढली. एप्रिल २०१७मध्ये ती वास्तू पाडली गेली. सांधा कसा जुळत होता, एक त्रिकोण दुसऱ्याला भार कसा देत होता, हे पाहायचं असेल तर आता अशा छायाचित्रांकडेच जावं लागतं.

तिसरा आरोप माणसाचा, आणि तो हसून टाळता येणार नाही. घर माणसासाठी असतं. घराच्या छायाचित्रात माणूस नको म्हणणं विचित्रच. पण भूमिती आली की माणूस जातो, हे समीकरण खोटं आहे. स्ट्रँडच्याच १९१५च्या 'वॉल स्ट्रीट' या छायाचित्रात मॉर्गन बँकेच्या भिंतीतले अजस्र काळे चौकोन आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी लांब सावल्या टाकत चाललेली इवली माणसं. माणसं काढली तर चौकोन केवढे आहेत ते कळणार नाही. चौकोन काढले तर माणसं कशाखाली दबली आहेत ते कळणार नाही. आंद्रेआस गुर्स्कीचं १९९३चं 'पॅरिस, मोंपार्नास' लांबून पाहिलं तर रंगीत चौकटींचा सपाट तक्ता आहे. जवळ जावं तर प्रत्येक चौकटीत पडदे, दिवे, खुर्च्या, कुणीतरी उभं. शेकडो संसार एका मापाच्या खणांत बसवलेले आहेत, हे सांगायला त्याहून नेमकी रचना सापडणार नाही. गिरगावातल्या चाळीच्या लांबच लांब कठड्याचे गज मोजून चौकटीत घेतले आणि मध्येच एक वाळत घातलेली साडी त्या मापात बसली नाही, तर छायाचित्र बिघडत नाही. तिथून ते सुरू होतं.

उलट बाजूही मांडायला हवी. स्पेनमधल्या काल्पे इथली रिकार्दो बोफिल यांची 'ला मुराल्या रोखा' ही १९७३ची वसाहत सध्या समाजमाध्यमांवर गुलाबी-निळ्या जिन्यांच्या तुकड्यांत फिरते. ती ५० सदनिकांची राहती वसाहत आहे, उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या दाट वस्त्यांचे चौक आणि जिने मनात धरून आखलेली, शेजाऱ्यांनी एकमेकांना भेटावं म्हणून. यातलं काहीही त्या तुकड्यांत उरत नाही. इथे आक्षेपकांचं बरोबर आहे. पण ही चूक भूमितीची नाही. जिना का वळतो हे न विचारता, आधी कुणी टिपलेलाच जिना पुन्हा टिपण्याची ती चूक आहे, आणि ती सूर्यास्ताच्या छायाचित्रांतही तितकीच होते.

राहिला सोपेपणाचा आरोप. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी एकदा काढून पाहावं. रस्त्याच्या दृश्यात कॅमेरा अर्धा अंश कलला तर कुणाच्या लक्षात येत नाही; जाळीच्या छायाचित्रात तो अर्धा अंश चारही कडांवर बोंब मारतो. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. ते टाळायचं तर शिफ्ट लेन्स हवी, किंवा समोरच्या इमारतीच्या जिन्याची खिडकी नेमक्या उंचीवर गाठायला हवी, आणि त्यासाठी आधी तिथल्या वॉचमनची मर्जी. भिंत सपाट दिसायला हवी तर लांब जावं लागतं, कारण सपाटपणा लेन्समधून येत नाही, अंतरातून येतो. लांब पल्ल्याची लेन्स फक्त तो भाग मोठा करून देते. सावली हव्या त्या सांध्यावर काही मिनिटंच थांबते. मोबाइलमध्ये रेषा सरळ करायची सोय आहे खरी, पण ती वापरली की चित्राच्या कडा कापल्या जातात आणि खिडक्यांची मापं ताणली जातात. चित्रकाराला नकोशी रेघ काढावीच लागत नाही. छायाचित्रकाराला तिच्यापासून वाचण्यासाठी स्वतः हलावं लागतं, कधी दोन पावलं, कधी दोन मजले.

मग या प्रकारच्या छायाचित्रांत खोट नाहीच? आहे, आणि ती चारही आरोपांत नाही. खोट छायाचित्राखालच्या पट्टीत आहे. 'रचना ४'. 'रेषा आणि प्रकाश'. 'शीर्षकहीन'. चित्रकारानं कॅनव्हासला 'रचना' म्हटलं तर चालतं, कारण त्या लाल चौकोनाला कॅनव्हासबाहेर पत्ता नाही. भिंतीला पत्ता असतो. तिला कुणी आखलेलं असतं, कुणी गिलावा केलेला असतो, कुणी तिच्यामागे राहत असतं. छायाचित्रकारानं दुसऱ्याची भूमिती आपल्या चौकटीत घेतली, हे कौशल्य झालं. पण घेतल्यावर त्या दुसऱ्याचं नाव गाळलं, तर उसनवारीचा आरोप तिथे खरा ठरतो. फक्त धनको बदलतो: मॉन्ड्रियानच्या जागी स्थपती आणि गवंडी येतात.

इथे नसरीन मोहमदींचं नाव पुढे केलं जाईल, कारण त्यांच्याही बहुतेक छायाचित्रांना शीर्षक नाही आणि तारीखही नाही. पण त्यांनी ती हयातीत प्रदर्शनात मांडलीच नव्हती. ती त्यांची खासगी टिपणं होती, आणि त्यांत पत्ते नि तारखा नसल्यामुळेच आज अभ्यासकांना साल अंदाजानं लिहावं लागतं. भिंतीवर टांगण्यासाठी छापून आणलेल्या, किंमत लावलेल्या छायाचित्राला ही सवलत मागता येणार नाही.

तेव्हा प्रदर्शन भरवणाऱ्यांनी आणि स्पर्धांच्या परीक्षकांनी 'मॉन्ड्रियानसारखं' या शेऱ्यावर कुणाला बादही करू नये आणि बक्षीसही देऊ नये. प्रवेशिकेच्या अर्जात चार रकाने वाढवावेत: इमारतीचं नाव आणि गाव, स्थपती किंवा 'स्थपती अज्ञात', बांधकामाचं साल, आणि भिंत कोणत्या दिशेला तोंड करून आहे. छायाचित्रकारांनीही हे चार तपशील छपाईच्या वेळीच पट्टीवर लिहावेत. ज्याला ते भरता येणार नाहीत त्यानं परत त्या इमारतीकडे जावं, वॉचमनला विचारावं, आणि मग छायाचित्र भिंतीवर लावावं.